सोपानचा उजवा खांदा

माझ्या बहिणीचा होणारा सासरा आमच्या अंगणात घोंगडीवर उताणा पडला होता. डोळे उघडे, तोंड उघडं, पटका सुटून लांब गेलेला, आणि छाती हलत नव्हती. त्याच्या शेजारी माझे वडील पालथे पडलेले. ते खोकत होते, म्हणजे ते जिवंत होते एवढं तरी कळत होतं. दोघांच्या मधे माझी ती बहीण, अक्का, उभी, नव्या लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला. आई दारातून पळीसकट पळत पुढं आली. पळीतून आमटी गळत होती. तिनं पाव्हण्याकडं बघितलं, अक्काकडं बघितलं आणि म्हणाली, "मारलास ना बये सासरा! लगीन हुयाच्या आदीच!" नवरदेव भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या हातातला घास हातातच राहिला होता. थोड्या वेळानं त्यानं तो खाल्ला. मी बघितलं.

याला कारण एक कुस्ती. ती जत्रेतली शेवटची कुस्ती होती, जिच्यासाठी लोक दिवसभर उन्हात बसतात. एका बाजूला गेना पैलवान, तो आमच्याकडचा, मिरजगावच्या बाजूचा. दुसऱ्या बाजूला सोपान पैलवान, तो पुणतांब्याचा, गोदाकाठचा. दोघंही म्हशीएवढे. कुस्ती लागली आणि लागल्या लागल्या सोपाननं गेनाला खाली घेतलं. मग तो त्याच्या पाठीवर बसला तो बसलाच. मानेवर गुडघा दिला, कानशिलं रगडली, तोंड मातीत घातलं. इतका वेळ गेला की लोक उठून बैल जुंपायला लागले. हलगीवाल्यानं हलगी खाली ठेवून विडी पेटवली. आणि तेवढ्यात गेना एका गुडघ्यावर उठला, सोपानच्या काखेत डोकं घातलं, मांडीत हात घातला, त्याला पोत्यासारखा दोन्ही खांद्यांवर आडवा घेतला आणि मागं टाकला. या डावाला कलाजंग म्हणतात. दोन्ही खांदे मातीला टेकले की गडी चित. दोघांच्या वजनानं एवढा धुरळा उठला की कुणाला काही दिसेना. धुरळा बसला तेव्हा पंचानं गेनाचा हात वर धरला होता आणि निम्मा गाव आखाड्यात घुसला होता.

मी ती कुस्ती बघितलेली नाही. आम्ही बायकामुली जत्रेत बांगड्यांच्या दुकानापर्यंत जायचो, आखाड्याकडं नाही. पण बघणाऱ्या कुणापेक्षाही मला ती जास्त पाठ आहे, कारण आमच्या घरात ती रोज व्हायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, जेवायला बसले की भाकरी म्हणजे गेना आणि आमटीची वाटी म्हणजे सोपान. वाटी भाकरीवर बसायची, दाबायची, रगडायची, आणि शेवटी भाकरी खालून उठून वाटीला मागं टाकायची. आमटी जमिनीवर. आई रोज ओरडायची आणि रोज पुसायची. आमची आमटी म्हणजे शिपी आमटी, कर्जतकडं करतात ती. डाळ कमी आणि तिखट जास्त. ती पुसायची म्हणजे पुसणाऱ्याचे हात जळतात. वासरावर, पोत्यावर, उशीवर, अण्णांनी कशाकशावर कलाजंग लावला नाही! पण या सगळ्यात पैलवानाएवढं वजन कशालाच नव्हतं. म्हणून ते अक्काला हाक मारायचे. अक्का सोपान व्हायची. अण्णांना तिला उचलायला कधी जमलं नाही. मग ते चिडून म्हणायचे, "आता तू गेना हो." अक्का हातातलं काम खाली ठेवायची, अण्णांना खांद्यावर घ्यायची, कडब्यावर टाकायची आणि परत कामाला लागायची.

दिवस मावळायला आला की शेजारचा किसनकाका ओट्यावर यायचा. त्याची बहीण पुणतांब्याला दिलेली, म्हणून त्याचं निम्मं मत तिकडं.

"नशीब, दुसरं काय न्हाई," काका म्हणायचा. "समद्या कुस्तीत त्यो खाली. शेवटाला एक डाव बसला."

"बसला न्हाई, बसवला. गेनानं त्याला दमू दिला."

"वरचा दमतोय व्हय? दमला असंल तर खालचा."

"वर बसून बी दम लागतो किसन. तुला कदी वर बसायची येळ आली न्हाई म्हनून ठावं न्हाई."

एकदा हे खरं का खोटं बघायला काका अण्णांच्या पाठीवर बसून राहिला. आणि खरंच आधी काकालाच दम लागला, कारण तो बसल्या बसल्या बोलायचा थांबत नव्हता. अण्णा खालून म्हणाले, "बग!" काका म्हणाला, "ह्यो बोलन्याचा दम हाय, कुस्तीचा न्हाई." आणि परत पहिल्यापासून.

परवा माझी नात मोबाईलवर बॉक्सिंग बघत होती. तिच्या दोन मैत्रिणी आल्या होत्या. एक अवाढव्य गडी दुसऱ्याचा मार खात होता. पडत होता, दोरीला धरून उठत होता, तोंडावर डोळे शोधून सापडत नव्हते. आणि शेवटी त्यानं कुठून तरी एक ठोसा काढला आणि समोरचा झोपला, तो उठलाच नाही. पोरींनी किंचाळून घर डोक्यावर घेतलं. मग भांडण. एक म्हणाली नशीब, दुसरी म्हणाली त्यानं मुद्दाम मार खाल्ला, समोरच्याला दमवायला. नात म्हणाली, "तो आधी हरतच होता, आजी, पॉइंटवर हरला असता." मी म्हटलं, "पॉइंट काय असतो ते मला ठाऊक नाही, पण हे भांडण मिटत नाही, तुम्ही जेवून घ्या." त्यांनी ऐकलं नाही. मोबाईलवर तर सगळं परत परत, हळू करूनही दिसतं. आमच्या वेळी दिसलं असतं तरी अण्णांनी मानलं नसतं.

आता अक्काचं सांगते. अक्का अंगानं आजोळावर गेली होती. उंच, हाडापेरानं रुंद, हात पुरुषासारखे. डोक्यावर दोन घागरी आणि काखेत एक घेऊन ती लांबच्या विहिरीवरून यायची आणि आल्यावर धापही टाकायची नाही. ज्वारीचं पोतं एकटी फिरवायची. हे सगळं घरच्यांना सोयीचं होतं. बघायला येणाऱ्यांना नव्हतं. ते पोहे खायचे, तिला उठून उभी राहायला सांगायचे, ती उठायची ती उठतच जायची, आणि मग निरोप यायचा, पोरगी थोराड हाय. शेवटी जामखेडच्या बाजूचा एक बिजवर पुढं आला. त्याची थोरली मुलगी अक्काच्याच वयाची होती. अण्णा म्हणाले, पुणतांब्याचं स्थळ जमलं तर ठीक, नाही जमलं तर हा. अक्कानं ते ऐकलं. ती रडणारी बाई नव्हे. चुलीत लाकूड सारत एवढंच म्हणाली, "पुनतांब्याचंच जमवा." पुणतांब्याचा मुलगा किसनकाकानं आणला होता. आधी एकदा बघून गेला होता. तो अक्कापेक्षा बुटका. ती मला म्हणाली, "त्याला मान वर करून बगावं लागलं, पन त्यानं तोंड वाकडं केलं न्हाई." एवढ्यावर तिचं ठरलं होतं. लोक एवढ्यावर कसं ठरवतात असं आता विचारतात. तेव्हा एवढंही मिळत नव्हतं.

मुलाचे वडील, ज्यांना पुढं आम्ही तात्या म्हणायला लागलो, मुलाला घेऊन सुपारी फोडायला आले. सुपारी फुटली की सोयरीक पक्की, मग मागं फिरता येत नाही. फुटेपर्यंत मात्र कुणीही चप्पल घालून चालायला लागू शकतो. तात्या त्या जत्रेला सोपानच्या माणसांबरोबर ट्रकमधून आले होते, हे किसनकाकानं आईला आधीच सांगून ठेवलं होतं. आईनं सकाळीच अण्णांना चुलीपुढं बसवून बजावलं, "सुपारी फुटंस्तवर कुस्तीचं नाव काडायचं न्हाई. काडलं तर मी पाव्हन्यांसमोर तुमास्नी बोलंन." अण्णांनी कबूल केलं आणि पाळलंही. जेवायला बसल्यावर ते गुरांबद्दल बोलले, उसाबद्दल बोलले, कालव्याच्या पाण्याबद्दल बोलले, तात्यांच्या चुलत्याच्या मोतीबिंदूबद्दल बोलले. मी वाढत होते. अण्णांचा चेहरा शाळेत पहिल्या दिवशी बसवलेल्या पोरासारखा होता.

घोटाळा तात्यांनी केला. आमटीचा भुरका मारून त्यांच्या कपाळाला घाम आला. पटक्याच्या शेवानं तो पुसत हसत म्हणाले, "आमटी भारी हाय तुमची. जत्रंत आमच्या सोपानला हीच पाजली आसनार. म्हनून फसला."

आतून आईचा खोकला ऐकू आला. अण्णांनी भाकरी खाली ठेवली.

"फसला?"

"न्हाईतर काय? समदा येळ वर कोन हुतं?"

"वर बसायचं काय कवतिक पाव्हणं? म्हशीवर कावळा बी बसतो."

"मग म्हशीनं कावळ्याला चित केला म्हना की!"

"केलाच!"

"कुटला केला! सोपानचा उजवा खांदा टेकला न्हाई. मी समोर बसलो हुतो."

"समोर धुरळा हुता. तुमी धुरळ्याच्या समोर बसला हुता."

किसनकाका घाईनं म्हणाला, "पाव्हणं, सुपारीचं तेवडं..." दोघंही एकदम त्याच्यावर ओरडले, "थांब रं!"

"आन दुसरं ऐका," तात्या म्हणाले. "वरती सोपानसारखा गडी बसलेला आसला तर खालनं कलाजंग सुटतच न्हाई. खांद्याचं जाऊ द्या. उचलताच येत न्हाई. ही समदी जत्रंतली भूल हाय. लोकास्नी दिसलं म्हनून झालं व्हय?"

अण्णा उठले. हात धुतले, पागोटं काढून खुंटीला अडकवलं आणि घोंगडीच्या मधोमध हात-गुडघे टेकून ओणवे झाले. "या. बसा वर."

"जेवल्या जेवल्या?"

"गेना बी जेवूनच आल्ता."

आता शहाणी माणसं काय करतील? हसतील आणि सुपारी मागतील. पण आमच्याकडं कुस्तीवर बोलताना समोरच्याला धरून दाखवल्याशिवाय बोलणं पुरं होत नाही. पारावर बसलेले म्हातारेसुद्धा एकमेकांची मान धरूनच बोलतात. तात्यांनी धोतर वर खोचलं आणि माझ्या वडलांच्या पाठीवर बसले. ते चांगले जाडजूड होते आणि वरून आमच्या ज्वारीच्या भाकरी खाल्लेल्या. किसनकाका पंच झाला. त्याला कुणी केलं नव्हतं, तो आपला आपण झाला. "निकाली," त्यानं जाहीर केलं. म्हणजे एकाची पाठ लागेपर्यंत सोडवायची नाही.

आधी सगळं ठरल्यासारखं चाललं. तात्यांनी मानेवर गुडघा दिला. अण्णा म्हणाले, "हितं नव्हता, जरा डावीकडं." तात्यांनी सरकवला. मग अण्णा म्हणाले, "आता गेना उटतो," आणि उठायला लागले. उठता येईना.

"जरा ढिलं धरा."

"सोपाननं ढिलं धरलं हुतं व्हय?"

"आवो, दाखवाय पुरतं!"

"सुटत न्हाई म्हना. लगीच उटतो."

"सुटतं."

तात्यांनी वजन टाकलं. अण्णांचे कोपर मोडले आणि गाल घोंगडीला लागला. आई दारातून म्हणाली, "पाव्हणं, उटा की वो, त्यांचं तोंड कसं झालंय बगा!" तोंड वांग्यासारखं झालं होतं. तात्या काही दुष्ट नव्हते. ते वाकून अण्णांच्या कानात अगदी मायेनं विचारत होते, "सुटत न्हाई ना? म्हना की. काय बिगडतंय?" आणि अण्णा घोंगडीत तोंड घालून "सु... सु..." करत होते. मला वाटलं ते हरले म्हणतायत. ते "सुटतं" म्हणत होते. आईनं काकाला म्हटलं, "सोडवा की!" काका म्हणाला, "निकाली हाय वैनी, मदीच कसं सोडवू?" अण्णांचा एक पाय घोंगडीवर आपटायला लागला. तोही हळूहळू थांबला.

तेव्हा अक्का आतून बाहेर आली. तिला बोलावल्याशिवाय बाहेर यायचं नाही असं सांगितलेलं होतं. नवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू. तिनं पदर खोचला आणि काकाला म्हणाली, "सरा." तात्यांना वाटलं सून पाया पडायला आली. अण्णांच्या पाठीवर बसल्या बसल्या त्यांनी आशीर्वादाला हात पुढं केला. अक्कानं तोच हात धरला. काखेत डोकं घातलं, दुसरा हात मांडीत घातला आणि तात्यांना उचलून खांद्यांवर आडवं घेतलं. तात्या नुसतं "अगं, अगं, अगं" म्हणत होते.

अक्का मला नंतर म्हणाली, मी त्यांना बाजेवर ठेवनार हुते. मी विश्वास ठेवते. पण त्याच वेळी किसनकाका उडी मारून ओरडला, "कलाजंग!" आणि खाली पडलेल्या अण्णांना कुठून श्वास आला कोण जाणे, तेही ओरडले, "मागं टाक!" हे त्या घरात रोज ऐकत वाढलेली पोरगी. तिनं टाकलं.

तात्या घोंगडीवर पाठीवर आदळले. आवाज असा झाला की गोठ्यातलं वासरू उठून उभं राहिलं. डोळे उघडे, तोंड उघडं, छाती थांबलेली. आई जे बोलली ते मी सुरुवातीला सांगितलंच. अक्का मेलेल्या सासऱ्याकडं बघतच नव्हती. ती भिंतीजवळच्या त्या बुटक्या माणसाकडं बघत होती आणि नव्या लुगड्याला हात पुसत होती, पुसलेलेच परत पुसत होती. तिचा चेहरा पांढरा पडलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. जामखेडचा बिजवर दारात येऊन उभा असल्यासारखाच होता.

आईनं पाण्याचा तांब्या तात्यांच्या तोंडावर रिकामा केला. त्यांच्या घशातून चरक फिरल्यासारखा आवाज आला आणि श्वास आत गेला. किसनकाका त्यांच्यावर वाकला. तात्यांचे ओठ हलले. काका म्हणाला, "काय म्हनताय पाव्हणं?"

"पाठ कोनाची आदी लागली?" तात्यांनी विचारलं.

"तुमची. पोरगी उबीच हाय."

"दोनी खांदं?"

काकानं त्यांच्या खांद्यांखाली बोटं घालून बघितलं. "दोनी."

तात्यांनी स्वतःचा उजवा खांदा चाचपला. मग म्हणाले, "म्हंजी सुटतंय."

"मी काय म्हनत हुतो!" अण्णा खोकत उठून बसले.

"खालनं सुटतंय, येवडंच. उगा पुडं जाऊ नका. सोपानचा खांदा टेकला न्हाई ते न्हाईच."

आई हात जोडून मधे आली. "पाव्हणं, पोरगी येडी हाय, पन मनाची वाईट न्हाई. चुकलं आमचं." तात्यांनी तिच्याकडं लक्ष दिलं नाही. कोपरावर उठायला गेले, बरगडीला हात लावून परत पडले, आणि पडल्या पडल्या मान वळवून मुलाला म्हणाले, "काय रं? बगितलंस ना? उद्या तुला खाली घेतलं तर सोडवाया मी येनार न्हाई."

मुलानं घास गिळला. अक्काकडं बघितलं, मान वर करून. म्हणाला, "मी तिच्या बापाच्या पाठीवर बसनारच न्हाई. मग मला कशाला उचलंल?"

तात्यांना हसू आलं आणि हसण्यानं बरगडी दुखली, म्हणून ते एकाच वेळी हसत आणि शिव्या देत होते. "आना सुपारी," म्हणाले. उठता येत नव्हतं म्हणून ताट त्यांच्या शेजारी जमिनीवर ठेवलं, आणि त्यांनी कुशीवर पडूनच दगडानं सुपारी फोडली. पहिल्या घावाला ती उडून चुलीपर्यंत गेली. मी शोधून आणली. दुसऱ्या घावाला फुटली. अक्कानं तेव्हा खोचलेला पदर सोडला. मग तिनं आत जाऊन पोटभर जेवून घेतलं. सकाळपासून उपाशी होती.

लग्नात तात्यांच्या बरगड्यांना पट्टा बांधलेला होता. कुणी विचारलं की ते मोठ्यानं सांगायचे, सून बघायला गेलो आणि चित होऊन आलो. अक्काला त्याची लाज वाटायची, पण सासरी तिला कधी कुणी चढ्या आवाजात बोललं नाही, याचं कारण निम्मं तरी तेच. तात्या आणि अण्णा पुढं कुठल्याही लग्नात, बारशात, दहाव्याला भेटले की उजव्या खांद्यापासून सुरुवात करायचे. एका जत्रेत म्हातारा झालेला गेना त्यांना सापडला. दोघांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरलं आणि विचारलं, टेकला होता का नव्हता? गेना म्हणाला, "धुरळ्यात मला काय दिसतंय? पंचानं हात धरला म्हनून मी उटलो." दोघांचंही म्हणणं पडलं की याला कुस्तीतलं काही कळत नाही.

अण्णा आधी गेले. मग किसनकाका, मग आई. तात्या त्यांच्यामागं पुष्कळ वर्षं होते आणि म्हातारपणानं गेले. दाजी गेल्या उन्हाळ्यात गेले. अक्का पुणतांब्यात आहे, तिचे गुडघे गेलेत, काठीनं चालते. मी इथं आहे. त्या अंगणातल्या आता आम्ही दोघीच आहोत.